ओटीपी आला का गं, ओटीपी?

परत तेच! आभा कार्ड, म्हणजे ते सरकारी आरोग्य-ओळखपत्र, काढायचं म्हणून मी आशाताई सातपुड्यातल्या शेवटच्या पाड्यावर गेले, दीड तास चढून. बाईचा आधार टाकला, ओटीपी गेला. कुठे? नवऱ्याच्या मोबाइलवर. आणि नवरा? ऊसतोडीला, गुजरातेत! फोन लावायला सागाखालच्या दगडावर चढले, तिथेच काय ती एक काडी रेंज येते, तीही टूजीची. त्यावर फोन चालू असला की नेट बंद. त्याने आकडे सांगितले, मी तळहातावर पेनाने लिहिले, फोन ठेवला, नेट येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. तीनदा! शेवटी त्याच्या मुकादमानेच फोन घेऊन मला झापलं.

त्या 14 आकडी नंबरापायी अर्धा दिवस गेला. बाई सातव्या महिन्यातली, पाय टम्म सुजलेले, डोकं दुखतंय म्हणत होती. ते दिसायला ॲप लागत नाही हो, डोळे लागतात. बीपी बघायला तिला उपकेंद्रावर पाठवलं, तर ती नोंद आधी रजिस्टरात, मग मोबाइलवर, मग रजिस्टराचा फोटो काढून ग्रुपवर. मोबाइल आला की वह्या जातील म्हणाले होते. वह्या आहेत तिथेच आहेत, वर रिचार्ज माझ्या पदरचा.

रात्री नऊला ग्रुपवर मेसेज: 'ताई, तुमच्या गावाचं काम पेंडिंग दिसतंय.' खाली तिघींचे अंगठे.

आता म्हणे आणखी एक ॲप येतंय. बुधवारी ट्रेनिंग आहे. ऑनलाइन.