रिकाम्या बाकांचा फोटो आणि नागपूरचं अधिवेशन

हिवाळी अधिवेशनाचे दिवस आले की नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. सोबत सभागृहातल्या रिकाम्या बाकांचा फोटो असतो. मजकूर थोडक्यात असा: '२८८ पैकी तीस-चाळीस आमदार हजर, म्हणजे कामकाज बेकायदा. नागपूर करारात सहा आठवडे लिहिलेत, सरकार दोन आठवड्यांत पळतं. इथे नुसत्या हुरडा पार्ट्या होतात, महत्त्वाचा कायदा एकही होत नाही. विधान परिषद तर हरलेल्यांची सोय; मुख्यमंत्र्यांनी एका सहीनं बंद करावी.' यंदा तो भाचीनं पाठवला आणि विचारलं, "मामा, खरं आहे का हे?" ती पहिल्यांदाच मतदान करणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या फोटोचं. सभागृह चालायला किती सदस्य लागतात, हे संविधानाच्या अनुच्छेद १८९ मध्ये आहे. एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा किंवा दहा, यांतली मोठी संख्या. म्हणजे विधानसभेत २९ आणि ७८ जणांच्या विधान परिषदेत १०. याला गणपूर्ती म्हणतात. तेवढे नसतील तर अध्यक्षांना कामकाज थांबवावं लागतं. तेव्हा तीस-चाळीस आमदारांत झालेलं कामकाज पूर्ण कायदेशीर आहे. ते शोभतं का, हा प्रश्न वेगळा. विदर्भाच्या सिंचनावरची चर्चा मोजक्या माणसांसमोर झाली की मलाही राग येतो. पण राग आला म्हणून 'बेकायदा' हा शब्द वापरता येत नाही.

सहा आठवड्यांचं ऐकून आपल्याकडच्या पुष्कळांना वाईट वाटेल, पण तो आकडा करारात नाही. विदर्भ महाराष्ट्रात घेण्याच्या अटी ठरवणाऱ्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर अशा नेत्यांच्या सह्या आहेत. त्यात दोन गोष्टी आहेत: सरकारनं ठरावीक काळासाठी नागपुरात यावं आणि विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन इथे व्हावं. जुन्या मध्य प्रदेशच्या राजधानीचा मान सोडून हे शहर महाराष्ट्रात आलं, त्यामागे हा शब्द होता. २०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, ती तक्रार खरी आहे आणि ती ठणकावून करावी. दिवस वाढवून हवे असतील तर ते कामकाज सल्लागार समितीत, म्हणजे सभागृहाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत, मागावे लागतात. तिथे विरोधी पक्षही बसतो, म्हणून जाब दोघांनाही विचारायला हवा.

आता 'कायदा होत नाही' हे. जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, ते नागपुरात. सीमाभागातल्या मराठी माणसांच्या बाजूचा एकमुखी ठराव २७ डिसेंबर २०२२ चा, तोही इथलाच. लोकायुक्त विधेयक विधानसभेनं इथेच २०२२ मध्ये आणि परिषदेनं २०२३ मध्ये संमत केलं. पुरवणी मागण्याही इथे मंजूर होतात. सभागृहाच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून जादा पैसा काढता येत नाही.

शिवाय विधिमंडळ म्हणजे फक्त कायदे नव्हेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. तातडीच्या विषयाकडे सदस्यानं लक्ष वेधलं, म्हणजे लक्षवेधी सूचना दिली, की त्यावर निवेदन करावं लागतं. "चौकशी करू" असं मंत्री सभागृहात बोलला की ते आश्वासन ठरतं आणि पुढे आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कॅमेऱ्यात न दिसणारं हे काम मला भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि हुरडा पार्टी. हा शब्द मला लागतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा याच अधिवेशनावर आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यांत बाया होत्या, लेकरं होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे, आपण रोज त्यावरून जातो. सरकार आपल्या दारी आलंय, आता गाऱ्हाणं ऐकवता येईल, या आशेनं ते आले होते. आजही अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतकरी त्याच आशेनं मोर्चा घेऊन येतात. दोन-चार आमदार कुठे जेवले यावरून या लोकांचं अधिवेशन मोजू नये.

राहिली विधान परिषद. निवडणुकीत हरलेल्यांना तिथे पाठवलं जातं, हे खरंच आहे. पण रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे याच परिषदेचे सभापती होते. पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७ प्रतिनिधी इथेच निवडून येतात, आपल्या नागपूर विभागाचा एकेक त्यांत आहे. सहीचं म्हणशील तर अनुच्छेद १६९ वाच. विधानसभेत एकूण सदस्यांचं बहुमत, म्हणजे किमान १४५, आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, एवढ्यांनी ठराव करायचा. मग संसदेनं कायदा करायचा. आंध्र प्रदेशानं जानेवारी २०२० मध्ये असा ठराव केला होता. संसदेत कायदा झालाच नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी ठराव मागे घेतला आणि त्यांची परिषद आजही आहे.