गडगा कुणाचा, मेंढी कुणाची

सामाईक कुंपणावरून भांडण लागलं की कुंपणाबद्दल कुणी बोलतच नाही. तुझं जनावर, माझं पीक, तुझ्या बापानं तेव्हा काय केलं होतं... ढासळलेला भाग नेमका कुणाच्या वाट्याचा, हा साधा प्रश्न निघेपर्यंत दोघांचीही डोकी फिरलेली असतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपैकी सगळ्यात उत्तरेच्या नॉर्थ रोनाल्डसेवर हा प्रश्न भांडणाच्या आधीच सोडवून ठेवलेला होता. म्हणून त्या बेटाबद्दल मिळेल ते मी वाचत असतो.

तिथे 1832 मध्ये बेटाभोवती गडगा घातला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पुरुषभर उंच आणि सुमारे 20 किलोमीटर लांब. गंमत म्हणजे हे कुंपण उलटं आहे. मेंढ्या आत आणि बाकी जग बाहेर असं नाही; शेतं आत आणि मेंढ्या बाहेर, समुद्राच्या बाजूला! समुद्री शेवाळ जाळून त्याची राख विकायचा धंदा तोवर बसला होता. आतली जमीन पिकाला आणि गुरांना हवी होती, तिथे मेंढ्या नको होत्या. हे गावाच्या एकीतून वगैरे घडलं असं समजू नका, बेट जमीनदाराच्या मालकीचं होतं. पण गडगा टिकवला तो गावानं.

बाहेर ढकललेल्या मेंढ्या शेवाळावर जगायला शिकल्या. ओहोटी लागली की कळप खडकांवर उतरतो आणि ओलं शेवाळ ओरबाडतो. भरती आली की वर येऊन रवंथ करत बसतो. त्यांचं घड्याळ सूर्यावर नाही, पाण्यावर चालतं. शेवाळात तांबं अगदी कमी, त्यामुळे मिळेल तेवढं तांबं धरून ठेवायची सवय या मेंढ्यांच्या शरीराला लागली आहे. हीच मेंढी आतल्या गवतावर फार दिवस राहिली तर तिला तांब्याची विषबाधा होऊ शकते. विण्याच्या वेळी मेंढ्यांना गवतावर आत घेतात आणि उन्हाळा सरता सरता कोकरांसकट पुन्हा किनाऱ्यावर सोडतात. म्हणजे गडग्याला खिंडार पडलं की पिकाचं नुकसान आणि मेंढीच्याही जिवाला घोर. त्यात मेंढा आत शिरून दुसऱ्या जातीच्या मेंढ्यांत मिसळला की जातही बिघडली.

हे सगळं सांभाळायला 1839 पासून तिथे शीप कोर्ट आहे. कोर्ट म्हणजे काळा कोट नव्हे, बेटावरचीच माणसं. कुठल्या घरानं किती मेंढ्या ठेवायच्या आणि गडग्याचा कुठला तुकडा कुणी राखायचा, हे तिथे ठरायचं. मला यातली खरी मेख ही वाटते की चराईचा हक्क आणि दगड उचलायचं काम एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं. नुसता हक्क मागून चालत नव्हतं. कळप एकत्र हाकून दगडी कोंडवाड्यात घालायचा तोही सगळ्यांनी मिळून, कारण एकट्यादुकट्याला त्या मेंढ्या दाद देत नाहीत. मग कानावरच्या खुणा पाहून कुणाची कुठली ते वेगळं करायचं आणि लोकर कातरायची.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर तर याच्याही कितीतरी आधीचा कागद आहे. 1298 मधलं 'मेंढीपत्र' हा तिथला सगळ्यात जुना उपलब्ध दस्तऐवज. राजघराण्याचं गुणगान नाही, लढाई नाही. मेंढ्या, कुरणं, नुकसानभरपाई. कुरणावर मेंढ्या पूर्वापार असतील तेवढ्याच ठेवाव्यात, जास्त मावतील असं दिसलं तर सगळ्यांनी ठरवून वाढवाव्यात, असा त्याचा रोख. पुढे चौदाव्या शतकात कुठल्या गावात किती कुत्री असावीत याचंही वेगळं पत्र निघालं. हसू येतं, पण मेंढ्यांवर चटावलेलं एक कुत्रं काय करतं हे मेंढपाळाला विचारा. गावाजवळची लागवडीची जमीन आणि वरचं कुरण यांच्यामध्ये तिथेही दगडी गडगाच.

'लोकांना शिस्त नाही, कायदा कडक करा' असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच चीड येते. नॉर्थ रोनाल्डसेवर नियम कुणी मोडला नाही. माणसंच कमी झाली. एके काळी तिथे पाचशेच्या आसपास वस्ती होती, 2011 च्या जनगणनेत 72. गडगा मात्र तेवढाच लांब! डिसेंबर 2012 च्या वादळानं त्याचे मोठाले पट्टे पाडले. ते उभे करायला त्या सत्तर-बहात्तर जणांतली म्हातारी माणसं पुरणार होती थोडीच? 2016 पासून उन्हाळ्यात मेंढी-उत्सव भरतो. बाहेरून स्वयंसेवक येतात, दोन आठवडे दगड रचतात, जातात. 2019 मध्ये गडग्यासाठी पगारी राखणदार नेमायची वेळ आली.

स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे. समुद्रानं गुळगुळीत केलेला गोटा दुसऱ्या गोट्यावर बसवून बघा, म्हणजे कळेल. पण वारसा म्हणून सरकारनं यादीत घातलेला गडगा आणि आपल्या वाट्याचा गडगा यात फरक आहे. यादी पाडायला मनाई करते. खिंडार पडलं की पहाटे उठून जायला ती कुणाला लावत नाही. मला विचाराल तर वाटे नव्यानं पाडायला हवेत. आज बेटावर जी घरं आहेत त्यांना झेपेल तेवढाच गडगा त्यांच्याकडे, उरलेल्याला कायमचा पगारी हात, आणि मेंढ्यांची संख्या त्या हिशेबात. आजोबांच्या वेळचा वाटा आज एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या नावावर ठेवून काय मिळणार?

तिच्या तुकड्यात एक दगड निखळला तरी मेंढीला तो सापडतो. पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचा कंटाळा आलेली एखादी असतेच, आणि ती घुसली की मागून सगळा कळप.