गाडीवरून मोबाईल कसा चालवावा

नुकतंच मिसरूड फुटलेल्या, पण त्याच्या आधीच गाडीची किल्ली हाती पडलेल्या नागपूरच्या तमाम पोट्टेहो, आणि त्यांच्याहून तसूभरही मागे नसलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी. वाहतुकीचे नियम सांगणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटले असतील. लहानपणी धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये नेऊन लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हेही कोणीतरी दाखवलंच असेल. पण फोनवरचं लक्ष ढळू न देता गाडी कशी चालवावी, याचं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन कुठेच मिळत नाही. बिचाऱ्यांना एकमेकांचं पाहून पाहून शिकावं लागतं. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात मानेपासून. गाडीवर बसलेल्या माणसाची मान सरळ असावी ही म्हाताऱ्या लोकांची समजूत आहे. ती उजव्या खांद्यावर पाडावी, खांदा वर उचलावा आणि मधल्या फटीत फोन दाबून धरावा. दोन्ही हात मोकळे राहतात. एक ॲक्सिलेटरला, दुसरा खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पन्नीला. मुलींनी फोन स्कार्फमध्ये खोचावा, नागपूरच्या उन्हाचा तेवढाच एक फायदा. या आसनात उजवा आरसा दिसत नाही हे खरं, पण जे दिसत नाही त्याचं टेन्शनही येत नाही. हेल्मेटचं काय म्हणता? आहे ना, कोपरात अडकवलेलं आहे. पुढच्या चौकात पोलीस दिसला की डोक्यावर घ्यायचं. तोवर निदान कोपराला काही होणार नाही.

इंडिकेटर देऊ नये. अंगठा रिकामा नसतो.

सिग्नल ही देवानं दिलेली विश्रांती समजावी. लाल दिव्याशेजारी जे आकडे उलटे उतरत असतात ते मागच्यांसाठी असतात, तुम्ही रील पाहावी. हिरवा लागला म्हणून रील अर्धवट सोडण्याचं काही कारण नाही. मागून हॉर्न वाजतील. एक हात खिडकीबाहेर काढून ‘थांबा हो जरा’ अशी खूण करावी, आणि पिवळा लागता लागता गाडी अशी सोडावी की तुम्ही पार आणि मागची सगळी रांग पुन्हा लालमध्ये. शंकरनगर चौकात माझ्यापुढच्या पांढऱ्या गाडीतल्या चिरंजीवांनी हे इतक्या सफाईनं केलं, की मागचा ऑटोवाला शिव्या द्यायचंसुद्धा विसरला.

वर्धा रोडवर नकाशा पाहत जाणाऱ्यांनी थोडी वेगळी काळजी घ्यावी. तिथे सगळ्यात वर मेट्रो, मधात उड्डाणपूल आणि खाली जुना रस्ता. 3.14 किलोमीटरचा हा डबल डेकर गिनीज बुकात गेला, पण आपण वरून चाललो आहोत की खालून, याबद्दल फोनमधल्या बाईचा बऱ्याचदा गोंधळ होतो. तेव्हा पुलाच्या तोंडाशी, जिथे रस्ता फाटतो नेमकं तिथेच, आडवं थांबावं, दोन बोटांनी नकाशा मोठा करावा आणि निवांत ठरवावं. मागून ट्रक येत असेल तर तो थांबेल, त्याला ब्रेक कशाला दिलेत? शिवाय कायदा तुमच्याच बाजूनं आहे. 2020 मध्ये नियमात बदल होऊन रस्ता शोधण्यापुरता फोन हातात घ्यायची मुभा मिळाली. चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये, अशी तिला एक अट आहे. ती ॲपच्या अटींसारखी न वाचता ‘मान्य’ करून टाकावी.

इयरबड दोन्ही कानांत घालावेत. मेडिकलकडे, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे, निघालेली ॲम्ब्युलन्स मागे कितीही कोकलली तरी गाण्याची लय तुटत नाही. ‘हात तर मोकळे आहेत ना’ हे उत्तर तयार ठेवावं. डोकं मोकळं आहे का, असं कोणी विचारत नाही.

गणितात पक्के असाल तर हा भाग गाळा. ताशी 40 च्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. मेसेज वाचून ‘हाव, आलोच’ एवढं टाइप करायला तीन सेकंद धरले, तरी तेहतीस मीटर झाले. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरच्या दीडहून जास्त खेळपट्ट्या झाल्या, डोळे मिटून. हिशेब जुळतो, पण नीटच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही, सोडून द्या.

गाय दिसली तर थांबावं. ती काही बाजूला होत नाही.

आता मुख्य विषय, धडकेनंतरचा शिष्टाचार. याचं प्रात्यक्षिक मी परवा माटे चौकाजवळ फारच जवळून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर. संध्याकाळची वेळ, आयटी पार्ककडून येणारा रस्ता, दोन्हीकडे खाण्याच्या गाड्या, तिसरीकडे त्या गाड्यांवर खाणाऱ्यांच्या गाड्या. तुम्हाला माहीतच आहे. मी डाव्या कडेला स्कूटर थांबवून, एक पाय खाली टेकवून उभा. मागून एक मोपेड आली ती थेट माझ्यावरच. डावा आरसा तुटला, मी सिमेंट रोडवर, कोपराची साल निघाली, डिक्कीला अडकवलेल्या पिशवीतलं दही रस्त्यावर. मोपेडवरचा पोट्टाही पडला. आणि उठला. उठून त्यानं सगळ्यात आधी काय उचललं असेल? फोन. चाटच्या गाडीवरच्या दिव्याखाली नेऊन तिरपा करून पाहिला, काचेवरून अंगठा फिरवून पाहिला, शर्टाला पुसला, पुन्हा पाहिला. मग मोपेड उभी केली. मग त्याला मी दिसलो.

“काका, असे मधात काऊन थांबता? ग्लास फुटली ना माझी! परवाच टाकली होती.”

फोन अजून चालूच होता. आतून आवाज येत होता, “हॅलो, बेटा? कुठंपर्यंत आला? येताना ब्रेड घेऊन येजो.”

पाठीवर क्लासची बॅग, वय फार तर सोळा. लायसन विचारलं तर म्हणतो, “पप्पाले लावू का फोन?” लाव म्हटलं. पप्पा आले. चांगले सुशिक्षित, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आधी फोनची काच पाहिली, नंतर माझं कोपर. “पोट्टा लहान आहे हो अजून,” मला म्हणाले. लहान आहे तर गाडी काऊन दिली? “क्लास दूर आहे ना. बसनं वेळ जमत नाही.” मी म्हटलं, साहेब, गिअर नसलेली पन्नास सीसीच्या आतली गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, तीही लायसन काढून. ही एकशेदहाची आहे, हिला अठरा पूर्ण लागतात. 2019 मध्ये कायद्यात कलम 199 अ आलं. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन नाही. तो कायदा संसदेत मांडणारे नितीन गडकरी याच शहराचे खासदार आहेत, दिल्लीची गोष्ट नाही सांगून राहिलो. यावर साहेबांनी पाकीट काढलं. “जाऊ द्या ना भाऊसाहेब, पोरं आहेत, होते असं. आरशाचे किती झाले बोला.”

बरं, इथवरही मी गप्प बसलो असतो. पण मग त्यांनी पोराला पुन्हा त्याच मोपेडवर बसवलं, पाठीवर थाप मारली, “सांभाळून जा” म्हणाले. पोट्टा निघाला. पुढच्या वळणापर्यंतही पोहोचला नसेल, तर साहेबांनी खिशातून फोन काढला आणि त्यालाच लावला. “अरे, मम्मीनं ब्रेड सांगितला होता, विसरू नको.” आणि त्यानं उचलला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, चालत्या गाडीवर मान उजवीकडे पडली.

पुरे झाला शहाणपणा. आता सरळच बोलतो, आणि पोरांशी नाही, तुमच्याशी, त्यांच्या आई-बापांशी. वरण-भाताचा घास घशाखाली उतरत नाही म्हणून दोन वर्षांच्या लेकरासमोर फोन कोणी उभा केला? पाहुणे आले की त्यानं गप्प बसावं म्हणून हातात कोणी दिला? ज्याचा एक घास फोनशिवाय गेला नाही, त्यानं रस्त्यावर वाजणारा फोन मात्र खिशात राहू द्यावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करता? आणि वाजवतं कोण? दरवेळी काही त्याची गर्लफ्रेंड नसते. “कुठंपर्यंत आला”, “जेवायला किती वेळ”, “पोहोचला का” विचारणारे तुम्हीच असता. तो गाडीवर आहे हे माहीत असतं, म्हणूनच तर काळजीनं करता. नाही उचलला तर पुन्हा करता, तरी नाही उचलला तर घरी आल्यावर झापता, की फोन कशाला घेऊन दिला. मग उचलतो तो, घाबरून, चालत्या गाडीवर. फोन हातात घेऊन चालवल्याचं पहिल्या वेळचं चालान कायद्यानं हजारापासून पाच हजारांपर्यंत जातं. ते गाडीमालकाच्या, म्हणजे तुमच्याच मोबाईलवर येतं आणि तुम्ही रिचार्ज भरावा तसं भरून टाकता. मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये एखादी रात्र काढलीय का कधी? तिथले बापही सगळ्यांना हेच सांगत असतात, पोरगा गाडी चांगली चालवायचा हो.

आणि पोट्टेहो, वाजला तर वाजू द्या रे. फारच गरज असेल तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, मग बोला. बाजूला म्हणजे बाजूला, चौकाच्या तोंडाशी नाही. घरचे ओरडले तर ओरडू द्या.

आणि साहेब, तुम्ही. क्लास दूर असेल तर सोडायला जा, बसचा पास काढून द्या, सायकल घेऊन द्या, अठरा पूर्ण होऊ द्या. तो रस्त्यावर असेल तेवढा वेळ तुमचा फोन टेबलावर पालथा ठेवा. ब्रेड तुम्ही जाऊन आणा. दुकान तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच असेल, नागपुरात कुठे नसते?