हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली असेल तर आधी हे वाचा

रात्री काकांचा फोन. "डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली आहे रे. रात्रभर ठेवू की चार तास पुरे?" माझ्या ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग त्यांनी तो मेसेज पाठवला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का होताच.

मेसेजचं म्हणणं असं: जुन्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क डिटेक्ट होत नसेल तर ती पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि गार असतानाच जोडा. नाहीच चालली तर टेबलावर दोनदा हलकेच आपटा. मदरबोर्डचा सेल पाच मिनिटं काढून ठेवा. डिस्क दिसली की लगेच फॉरमॅट करा. तरीही जमलं नाही तर समजा, जुन्या मशीनला मोठी डिस्क चालतच नाही, नवं घ्या.

काकांच्या डिस्कवर घरातले वीस वर्षांचे फोटो आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही. त्यामुळे माझ्याकडून गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

फ्रीजरची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच डिस्कमध्ये वीज बंद झाली की हेड (माहिती वाचणारं-लिहिणारं टोक) तबकडीवरच (माहिती साठवणाऱ्या फिरत्या चकतीवरच) टेकायचं आणि कधीकधी तिथेच चिकटून बसायचं. गारठ्याने ते सुटल्याचे किस्से त्या काळातले. आता बहुतेक डिस्कमध्ये हेड तबकडीच्या बाहेर, एका उतारावर जाऊन थांबतं. जे चिकटलेलंच नाही ते सोडवणार काय?

यावर काकांचा मुद्दा तयार होता: "डिस्क उणे ४० अंशांतही टिकते, कंपनीच लिहिते." लिहिते खरी. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.१० मालिकेच्या माहितीपुस्तिकेत बंद डिस्कसाठी उणे ४० ते ७० अंश सेल्सिअस दिले आहेत. पण त्याच तक्त्याच्या पुढच्या ओळी कुणी वाचत नाही. तापमान तासाला ३० अंशांपेक्षा जास्त बदलू नये, डिस्क चालू असेल तर २० अंशांपेक्षा. आणि ओलावा असला तरी दव धरता कामा नये. फ्रीजर उणे १८, खोली २५. ही ४३ अंशांची उडी काही मिनिटांत, आणि वर वीजही जोडायची! फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसाच तो डिस्कच्या सर्किटवर फुटतो. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यामुळे आतही दमट हवा जाते. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्याच्या वाटेत पाण्याचा थेंब म्हणजे डोंगरच. (हेलियम भरलेल्या डिस्क बंदिस्त असतात, पण त्यांचंही सर्किट बाहेरच असतं.)

बरं, काकांची डिस्क बिघडलेलीच नव्हती. ती यूएसबीच्या बाहेरच्या डब्यातली. जुन्या मशीनचं यूएसबी फार हळू चालतं म्हणून त्यांनी डबा उघडून डिस्क थेट आत जोडली. ती फिरेचना, हात लावला तर थरथरही नाही. मेली, असं ठरवून मोकळे झाले. कारण साधं होतं. साटाच्या (डिस्क जोडायच्या आजच्या पद्धतीच्या) वीज-जोडणीत १५ पट्ट्या असतात. २०१६ च्या साटा ३.३ या आवृत्तीपासून त्यातल्या तिसऱ्या पट्टीला 'डिस्क बंद ठेव' हा इशारा देण्याचं काम दिलं आहे. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) त्याच पट्टीवर सतत ३.३ व्होल्ट सोडतो. डिस्क बिचारी हुकूम पाळत गप्प बसते. चार पिनांच्या जुन्या पांढऱ्या जोडणीवरून वीज घेतली की प्रश्न सुटतो, कारण तिच्यात फक्त ५ आणि १२ व्होल्ट असतात. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही. केबल बदलून पाहा, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) पोर्ट बंद तर नाही ना ते बघा, आयडीई (साटाआधीची जोडणी) असेल तर मास्टर-स्लेव्हचा जंपर (कोणती डिस्क पहिली, कोणती दुसरी ते ठरवणारी छोटी टोपी) तपासा, हेही नाही.

आपटण्याबद्दल काय बोलायचं? आपटू नका.

सेलचं निम्मं खरं आहे. तो संपला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलू शकतो आणि मग विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवतं. पण मग दर वेळी घड्याळही चुकतं, आणि उपाय असतो नवा सेल घालून सेटिंग पुन्हा लावणं. जुनाच सेल काढून परत बसवल्याने उरलंसुरलं सेटिंगही पुसलं जातं.

खरी आग लावणारा सल्ला फॉरमॅटचा. डिस्क दिसत नसेल तर फॉरमॅट कशाला करणार? आणि दिसली तर जे वाचवायचं तेच पुसायचं? काकांच्या बाबतीत हे फार जवळ आलं होतं. बाहेरचे काही डबे कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर (माहिती साठवायचे कप्पे) दाखवतात, तर आतली डिस्क ५१२ चे सांगते. काही डबे तर माहिती कूटबद्धही करतात. अशी डिस्क थेट जोडली की विंडोजला ती कोरी वाटते आणि विंडोज ती नव्याने तयार करायची परवानगी मागतं. तिथे 'हो' म्हटलं की फोटो गेले म्हणून समजा.

मोठ्या डिस्कचं म्हणाल, तर मर्यादा खऱ्या आहेत. डिस्कवरची जागा सांगणाऱ्या जुन्या २८ बिटांच्या पत्त्यात १३७ जीबीपर्यंतच मोजता येतं, आणि एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या) पद्धतीत २.२ टीबीपर्यंत. पण त्यामुळे डिस्क सहसा कमी क्षमतेची दिसते, तिचं फिरणं थांबत नाही. विंडोज ७ असलेलं जुनं मशीनही माहिती साठवायला जीपीटी (त्याच नोंदीच्या नव्या पद्धतीची) डिस्क वापरू शकतं, फक्त विंडोज त्यावरून सुरू होण्यासाठी यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) लागतं.

काकांना म्हटलं, "बाहेर काढा, पिशवी उघडू नका, सकाळपर्यंत हातही लावू नका." सकाळी डिस्क परत तिच्या डब्यात गेली आणि सगळे फोटो उघडले. उघडताना डब्याची एक खाच तुटली होती, तिथे आता रबरबँड आहे.