पालिकेच्या कार्बनचा हिशेब अंदाजपत्रकात यायला हवा

एखाद्या पालिकेने 'नेट झिरो'चा, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू तितकाच शोषला जाईल अशा बेताचा, ठराव केला की मी आधी त्या वर्षीचं अंदाजपत्रक शोधते. उत्सर्जन कमी होतं ते बसगाड्यांच्या खरेदीत, पाण्याच्या पंपांच्या बिलात, रस्त्याच्या कामाच्या निविदेत. आणि या फायलींवर पर्यावरण विभागाची सही बहुतेक वेळा नसतेच.

ठरावांना मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या उपनगरातल्या डेअरबिन पालिकेने डिसेंबर २०१६ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली, जगात सगळ्यात आधी. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलने नोव्हेंबर २०१८ मध्ये तेच केलं आणि मग तिथल्या शेकडो पालिका पुढे आल्या. ठराव झाला की नागरिकांना जाब विचारायला कागद मिळतो, हे मोठंच काम आहे. पण पुढचं काम किचकट आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

पहिला प्रश्न, मोजायचं काय? पालिकेच्या इमारती, गाड्या, पथदिवे एवढंच धरलं तर आकडा लहान निघतो. ब्रिटनच्या हवामान बदल समितीने २०२० मध्ये मांडलं होतं की स्थानिक संस्थांच्या थेट ताब्यात त्या भागातलं जेमतेम २ ते ५ टक्के उत्सर्जन असतं. मात्र देशाचं साधारण एक तृतीयांश उत्सर्जन अशा क्षेत्रांतून येतं, ज्यांवर स्थानिक संस्थांच्या निर्णयांचा प्रभाव पडतो. बांधकाम परवानग्या, वाहतूक, कचरा, घरांची दुरुस्ती, सगळं त्यात आलं. म्हणून फक्त पथदिवे एलईडी करून थांबणाऱ्या पालिकेचं मला फारसं कौतुक वाटत नाही. ते करायलाच हवं, वीज वाचते, पैसे वाचतात. पण तो सगळ्यात सोपा भाग आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. कचरा उचलायचं काम कंत्राटदाराला दिलं की त्या ट्रकांचं डिझेल पालिकेच्या स्वतःच्या हिशेबातून निघून जातं. ट्रक तेच, रस्ते तेच, धूर तोच, फक्त कागदावर घट दिसते. कार्बन मोजण्याच्या पद्धतीत अशा अप्रत्यक्ष उत्सर्जनासाठी तिसरा गट आहे, स्कोप तीन. बहुतेक पालिकांच्या हिशेबात तोच गट सगळ्यात अर्धवट असतो. खरेदी आणि कंत्राटं धरली नाहीत तर तो हिशेब मी अपुराच म्हणेन.

इथे नॉर्वेच्या राजधानीकडे, ऑस्लोकडे बघावं. तिथे २०१७ च्या अंदाजपत्रकापासून पैशाच्या जोडीला 'हवामान अंदाजपत्रक' मांडतात. कोणत्या उपायाने किती उत्सर्जन घटणार, जबाबदार विभाग कोणता, सगळं लिहिलेलं. खर्चाचा अहवाल देतात तसाच उत्सर्जनाचाही द्यायचा. हे काम वित्त विभागाच्या हातात आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. निविदांमध्येही त्यांनी अटी घातल्या. २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी ओलाव फेम्तेस गाते या रस्त्याचं काम विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी केलं गेलं. कंत्राटदारांना मागणीची खात्री पटली की यंत्रं बाजारात येतात.

मुंबई महापालिकेनेही मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, २०५० चं नेट झिरो उद्दिष्ट ठेवून. जून २०२४ मध्ये हवामान अंदाजपत्रकाचा अहवालही काढला, याचं मला मनापासून समाधान आहे. पण मुंबईच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा विजेचा, आणि ती वीज मुख्यतः कोळशाची. तिथे एकट्या महापालिकेचं चालत नाही, राज्याचं वीज धोरण बदलावं लागतं.

अशा अडचणीत डेन्मार्कचं कोपनहेगनही सापडलं. २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल होणारी पहिली राजधानी व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. त्या गणितात कचरा जाळणाऱ्या अमागेर बक्के प्रकल्पात कार्बन पकडायची यंत्रणा बसवणं गृहीत धरलेलं होतं. प्रकल्प चालवणारी कंपनी सरकारी निधीच्या आर्थिक अटींत बसली नाही, आणि २०२२ मध्ये शहराला सांगावं लागलं की उद्दिष्ट गाठता येणार नाही. काहींनी याला अपयश म्हटलं. मला ते उघडपणे सांगणंच महत्त्वाचं वाटतं, कारण आकडे जाहीर असल्यामुळेच कमतरता नेमकी कुठे पडली ते सगळ्यांना दिसलं.

कचऱ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ओला कचरा ढिगाऱ्यात दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पटीच्या आसपास. डेपो बंद केला तरी तो वायू पुढे कित्येक वर्षं निघत राहतो. म्हणजे ओला कचरा वेगळा घेऊन खत किंवा बायोगॅस करणं हा पालिकेच्या हातातला, लवकर फळ देणारा उपाय आहे. त्याला लागतात वेगळ्या गाड्या, कामगार, आणि दरवर्षी न चुकता तरतूद. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी आपल्या नगरसेवकांना एवढंच विचारा: ओल्या कचऱ्यासाठी किती रक्कम धरली आहे, आणि मागच्या वर्षी धरलेल्यातली खर्च किती झाली?