‘आई-बापांनीच पाठवलं, मग तस्करी कसली?’

रायगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या वाड्यांवर एक सांगणं मोबाइलवरून फिरतं: ‘तस्करी म्हणजे पोर पळवून नेणं. आई-बापांनी उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पाठवलं आणि पोरगंही मर्जीनं आलो म्हणालं, तर गुन्हा बसत नाही. वय सिद्ध होत नाही. पोर कोर्टात जबाबावरून फिरलं की केस संपली. त्यापेक्षा मालकाकडून पैसे घ्या नि मिटवा.’ हे खरं मानून पालक ठाण्याच्या पायरीवरून परत फिरतात. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘पळवलं नाही, म्हणजे तस्करी नाही.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ला तीन गोष्टी लागतात. पहिली कृती, म्हणजे भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं. दुसरी मार्ग, तिसरी शोषणाचा हेतू. कायद्यानं सहा मार्ग सांगितलेत. अपहरण त्यातला फक्त एक. सहावा नीट वाचा: प्रलोभन, आणि त्यातच, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणं-घेणं. मुकादमानं, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्यानं, बापाच्या हातावर ठेवलेली उचल हा आरोपीचा बचाव नव्हे. तो गुन्ह्याचाच एक घटक आहे. मुलाच्या ‘मर्जी’बद्दल त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की गुन्हा ठरवताना तिला महत्त्व नाही.

वीटभट्टीवर आई-बापांसोबत राहणारं प्रत्येक मूल तस्करीचा बळी नसतं, हेही तितकंच खरं. फरक दिसतो तो तपशिलात, आणि तिथेच फिर्याद कच्ची राहते. ‘मुलाला कामाला नेले व मारहाण केली’ एवढंच लिहिलं, तर प्रकरण बालकामगार कायद्यावर थांबतं. तिथे शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. कलम १४३ खाली एका बालकासाठी किमान १० वर्षं सक्तमजुरी, जन्मठेपेपर्यंत. एकाहून जास्त बालकं असतील तर किमान १४ वर्षं. म्हणून एकाच टेम्पोतून चार मुलं नेली असतील तर चौघांची नावं, वयं फिर्यादीत हवीत. ‘व इतर’ लिहून चालत नाही. उचल किती, कुणी, कुणासमोर दिली, गाडी कुणाची, मजुरी किती ठरली, हातात किती पडली, घरी जायचं म्हटल्यावर काय झालं, हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला लावा. मुलाला बांधून ठेवलं किंवा त्याची कमाई दाबली असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं. मूल कातकरी, म्हणजे अनुसूचित जमातीतलं असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातलं वेठबिगारीचं कलमही. तो तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नसतो; हा नियम पाळला गेला नाही तर बचावपक्ष तोच मुद्दा धरतो.

वयाचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नं क्रम ठरवून दिलाय: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी, आदेशापासून १५ दिवसांत. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा नाही. नुसता शाळा सोडल्याचा दाखलाही पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंय. हाडांच्या तपासणीत दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे खटले नेमके तिथे ढासळतात. ग्रामसेवकाकडची जन्मनोंद आधी शोधा.

‘पोर फिरलं की केस संपली.’ पोर फिरतं कारण त्याला फिरवायला वेळ मिळतो. सुटकेनंतर २४ तासांत त्याला बाल कल्याण समितीसमोर न्यायलाच हवं, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब लवकरात लवकर व्हायला हवा. ज्यांनी उचल घेतली त्यांच्याच घरी चौकशीविना परत सोडलं, तर मुकादम संध्याकाळी दारात उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या मासेमारी नौकेवर परराज्यातलं मूल सापडलं, तर साक्षीसाठी त्याला पुन्हा कोकणात आणण्याची गरज नाही. त्याच्या जिल्ह्यातूनच व्हिडिओद्वारे साक्ष घेण्याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये घालून दिलीय. सरकारी वकिलांकडे तिचा आग्रह धरावा.

शिवाय खटला एकट्या मुलाच्या तोंडावर उभा नसतो. मुकादमाची वही, मोबाइलवरून पाठवलेली उचल, कॉलच्या नोंदी, तांडेलाचा (नौकेच्या प्रमुखाचा) आणि इतर खलाशांचा जबाब, हे सगळं बोलतं. मात्र स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नसेल, तर तो कागद पुराव्यात धरला जात नाही. वही जप्त करताना चित्रीकरण बंधनकारक आहे.

‘मिटवा.’ कलम १४३ चा गुन्हा तडजोडीनं मिटवता येत नाही. मिटवलं असं वाटतं तेव्हा साक्षीदार गप्प बसवलेले असतात, एवढंच. उचल परत करण्याच्या भीतीनं बाप गप्प राहत असेल तर त्याला हे सांगा: १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज रद्द ठरतं, आणि ते वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते. वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतं. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या केंद्राच्या योजनेत ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत दोषसिद्धीआधी मिळू शकते. बालकासाठीचे २ लाख रुपये दोषसिद्धीशी जोडलेले आहेत. मालकाचे पाच-दहा हजार घेऊन गप्प बसलेलं कुटुंब हे दोन्ही गमावून बसतं.

मूल कर्नाटकातल्या भट्टीवर असलं तरी महाडच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही, फिर्याद नोंदवता येते. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद नसेल तर दंडाधिकारी. मूल आत्ता धोक्यात असेल तर आधी १०९८ किंवा ११२.