खुलासा: २०१९ची के लीग गोलफरकावर ठरली नाही

२०१९च्या के लीग १ मध्ये, म्हणजे दक्षिण कोरियाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, जोनबुक क्लबने उल्सान क्लबला गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) मागे टाकलं, असं सगळीकडे सांगितलं जातंय. ते चूक आहे. दोघांचे गुण सारखेच, ७९. पण तिथे गुणांची बरोबरी झाल्यास केलेले एकूण गोल आधी बघतात, गोलफरक नंतर. जोनबुकचे ७२, उल्सानचे ७१. एका गोलाने उल्सानचं विजेतेपद गेलं! गोलफरकातही जोनबुकच पुढे होता, म्हणूनच बहुधा हा घोळ झाला.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १ डिसेंबरला, उल्सानला फक्त बरोबरी पुरेशी होती. घरच्या मैदानावर पोहांगने त्यांना ४-१ हरवलं, तिकडे जोनबुकने गांगवॉनला १-० नमवलं. २०१३लाही शेवटच्या दिवशी पोहांगनेच उल्सानचा घास हिरावला होता. तीही तारीख १ डिसेंबरच.